निधनाची खात्री

सकाळी साडेदहाला फोन वाजला तेव्हा बाईंना आपल्या निधनाची काहीच कल्पना नव्हती. त्या खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र तपासत होत्या. वाचत नव्हत्या, तपासत होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने सकाळी उठून देवाचं नाव घ्यावं, फिरायला जावं, निदान शेजाऱ्यांची उखाळीपाखाळी काढावी; बाई लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिथे जिथे वार्ताहराने ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लिहिली असेल तिथे समासात लिहायच्या, 'कुणी सांगितलं?' हा प्रश्न कुणाला जात नसे. दुपारी तेच पान भावजय फडताळात अंथरायची, त्यामुळे बाईंच्या घरातले सगळे डबे वर्षानुवर्षं 'कुणी सांगितलं?' या प्रश्नावर बसलेले होते. तर फोन वाजला, बाईंनी उचलला आणि पलीकडून एक घाबरा आवाज आला, "बाई? तुम्हीच बोलताय?"

"मग कोण बोलणार?"

"नाही, म्हणजे... बऱ्या आहात ना?"

"कामाचं बोल."

"बाई, जरा एक खात्री करायची होती."

"कर."

पलीकडे खोकल्याची एक उबळ येऊन गेली. "तुमच्या निधनाची," आवाज म्हणाला.

आवाज संपादकाचा होता. बाईंनी ज्या वर्तमानपत्रात उभा जन्म घालवला त्याचा आताचा संपादक, वय पंचेचाळीस, डोक्यावर टक्कल, हाताखाली सत्तर माणसं; पण बाईंच्या पत्रकारिता विद्यालयात तो एकोणिसाव्या वर्षी आला तेव्हा एका पायात काळा आणि दुसऱ्यात तपकिरी बूट घालून आला होता, म्हणून बाईंच्या लेखी तो कायमचा धांदरट. धांदरटाने जे सांगितलं ते असं. विद्यालयाच्या वर्धापनदिनाला बाई गेल्या शनिवारी गेल्या नव्हत्या. स्थापनेपासून एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हेडक्लार्कने दोन दिवस फोन लावून पाहिला, लागलाच नाही. तेव्हा त्याने दोन अधिक दोन चार केले, त्या चारांवर सही घेतली आणि आज सकाळी फलकावर सूचना लावली की संस्थापिकांच्या दुःखद निधनानिमित्त उद्या शोकसभा. सूचनेचा फोटो शहरभर फिरला. नऊच्या बैठकीत उपसंपादकांनी कपाटातला बाईंचा तयार मृत्युलेख काढला, उद्याच्या अंकात सातव्या पानावर तीन कॉलम लावले, आणि मग धांदरट म्हणाला, थांबा, बाईंनी शिकवलंय, ज्याची बातमी त्याला आधी फोन. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तरी त्याने लावला.

बाईंना राग यायला हवा होता. आधी आला तो अभिमान. एकतीस वर्षांत साडेनऊशे मुलं शिकवली, त्यांतल्या एकाने तरी मेलेल्या माणसाला फोन करून विचारायचं धाडस केलं. दुसरं आलं ते हसू, कारण ज्या विद्यालयाच्या दारावर 'आधी खात्री' अशी अक्षरं कोरली आहेत त्याच दाराआड त्यांना खात्री न करता मारलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि अगदी तळाशी, हसण्याच्याही खाली, तिसरं काहीतरी हललं. ते काय आहे ते बाईंना चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"फोटो कुठला घेतलाय?" त्यांनी विचारलं.

"टाइपरायटरवरचा."

"त्यात माझी मान वाकडी आहे. आणि लेखाचं पहिलं वाक्य काय आहे?"

जिवंत माणसाला त्याचा मृत्युलेख वाचून दाखवायचा की नाही, याबद्दल बाईंच्या नियमावलीत काहीच नव्हतं. मग संपादकाने वाचलं, "देशातील पहिल्या महिला वार्ताहर आणि—"

"पुरे," बाई म्हणाल्या. "ते पान घेऊन इकडे ये. मी बघून देते."

फोन ठेवला तेव्हा भावजय दारात उभी होती. बाईंच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली आणि दोघी एकमेकींना चिकटून राहिल्या, त्या प्रेमाने की सवयीने हे विचारायची वेळ कधी आली नाही. वर्धापनदिनाच्या आदल्या दिवसापासून रिसीव्हर बाजूला काढून ठेवला होता तो तिनेच. पॉलिसी विकणाऱ्या पोरी जेवणाच्या वेळी फोन करतात, त्यांचा बंदोबस्त म्हणून. आज सकाळी धूळ पुसताना तो तिनेच परत जागेवर ठेवला होता.

"कोण होतं, वन्सं?"

"ऑफिसातून. मी वारले का, विचारत होते."

"मग?"

"नाही म्हटलं."

"बरं केलंत," भावजय म्हणाली. "दुपारी कपाट हलवायचंय. माझ्या एकटीच्याने व्हायचं नाही."

बाई पुन्हा खिडकीपाशी बसल्या, पण पेन्सिल चालेना. वर्धापनदिनाला त्या का गेल्या नव्हत्या? भावजयीला सांगितलं होतं, गुडघा. विद्यालयाला सांगितलं नव्हतंच. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं; गुडघा बिचारा फुकट बदनाम झाला. झालं होतं ते इतकंच की महिन्यापूर्वी विद्यालयाचा प्राचार्य एक पितळी पाटी दाखवायला घरी घेऊन आला होता. हातभर लांब, चकचकीत. तीवर बाईंचं नाव आणि खाली 'देशातील पहिल्या महिला वार्ताहर'. शनिवारी तिचं अनावरण बाईंच्याच हातून व्हायचं होतं. कागदावरचं 'पहिल्या' बाईंनी आयुष्यभर पचवलं होतं. भाषणात पचवलं, मुलाखतीत पचवलं, शाळेच्या सातवीच्या पुस्तकात पचवलं. कागद काय, आज आहे, उद्या फडताळात. पण पितळ. पितळेत अक्षरं खोल खणलेली असतात. बाईंनी सहज बोट फिरवलं तर ते 'प'च्या पोटात अडकलं, आणि तेव्हापासून त्यांना झोप नीट लागत नव्हती. कारण पहिल्या त्या नव्हत्याच. ही गोष्ट जगात दोन माणसांना ठाऊक होती, त्यातलं एक चौदा वर्षांपूर्वी गेलं, आणि दुसरं या खिडकीपाशी लाल पेन्सिल घेऊन बसलं होतं.

फोनताई. तिला सगळे फोनताईच म्हणायचे. वर्तमानपत्राच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती, तिला खिडकी नव्हती, आणि त्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून फोनताई बसायची. शहरात कुठेही काही घडलं की वार्ताहर सार्वजनिक फोनवरून तिला बातमी सांगायचे आणि ती उतरवून घ्यायची, अशी रीत होती. रीत कागदावरची. प्रत्यक्षात वार्ताहर फोन करून म्हणायचे, "फोनताई, गोदामाला आग, दोन बंब, जीवितहानी नाही, बाकी तू घाल," आणि जेवायला जायचे. बाकी फोनताई घालायची. शहरातले सगळे फोन नंबर तिला तोंडपाठ. ती बंबवाल्यांना फोन लावायची, समोरच्या दुकानदाराला लावायची, गोदामाच्या मालकाच्या बायकोला लावायची, आणि वीस ओळींची बातमी वर जायची. खाली नाव वार्ताहराचं. अकरा वर्षं त्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानातलं निम्मं पान जिन्याखाली लिहिलं गेलं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. टेलिफोनवालीने ऐकायचं असतं, लिहायचं नसतं, असा नियम होता, आणि नियम असल्यामुळे ती लिहीत नव्हती. साधं गणित होतं.

बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच बाई, म्हणून कुणी नाव विचारायचे कष्ट घेतले नाहीत, "बाई, जरा खिडकी लावा," "बाई, टाचणी आहे का?" पुढे विद्यालयात मुलं तेच 'बाई' आदराने म्हणायला लागली तेव्हा त्यांना दर वेळी टाचणी आठवायची. काम होतं महिलांच्या पानाचं. स्वेटरचे टाके, डाग काढायचे उपाय. एकदा शाईचा डाग काढायचा उपाय छापला आणि ज्यांनी करून पाहिला त्यांच्या कपड्याला भोक पडलं, तेव्हा सोळा पत्रं आली; वाचक आहेत, हे बाईंना त्या दिवशी कळलं. मग नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आलं. मंत्री यायचे होते, पाचही वर्तमानपत्रांचे वार्ताहर जायचे होते, एक पास उरला होता, आणि मुख्य वार्ताहर म्हणाले, "बाईंना न्या, मंडपात बायकाही हव्यात." या मुख्य वार्ताहरांना ऑफिसात 'कार्यक्रमपत्रिका' म्हणत, कारण ते कुठलाही समारंभ पत्रिकेवरूनच लिहायचे. त्या दिवशी गाडीतच त्यांनी मांडीवर कागद ठेवून लिहिलं, 'मान्यवरांनी कळ दाबताच पाण्याचा शुभ्र झोत उसळला व टाळ्यांचा प्रचंड कडकडाट झाला.' शेजारच्यांनी त्यांचं बघून लिहिलं. बाईंनी शेजारच्यांचं बघून लिहिलं. त्यात त्यांनी 'शुभ्र'च्या जागी 'रुपेरी' घातलं आणि मनात म्हणाल्या, आपलं वेगळं दिसेल.

उद्घाटन बाराला होतं. साडेअकराला कार्यक्रमपत्रिका म्हणाले, भाषणं लांबणार, आणि सगळे वार्ताहर जेवायला गेले. आणि बाई? एकतीस वर्षं, दर जूनमध्ये, नव्या वर्गापुढे पहिल्या तासाला बाईंनी सांगितलं होतं, "सगळे गेले. मी थांबले." इथे त्या थोडं थांबायच्या. वर्ग टाचणी पडली तरी ऐकू येईल इतका शांत. "मंत्र्यांनी कळ दाबली. नळातून फुस्स असा आवाज आला. पाणी नाही. हवा. आणि त्या हवेबरोबर एक बेडूक बाहेर उडाला, तो थेट मंत्र्यांच्या काळ्या कोटावर बसला." वर्ग हसून हसून लोळायचा. मग बाई फळ्यावर लिहायच्या, 'आधी खात्री'. पहिल्या बॅचला बेडूक नुसता बेडूक होता. चौथ्या बॅचला तो कोटाच्या खिशाकडे सरकला. पाचव्या बॅचमध्ये पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, रंग कुठला होता?" आणि बाई क्षणभरही न अडखळता म्हणाल्या, "पिवळट हिरवा. पाठीवर तीन ठिपके." तेव्हापासून त्यांना तो दिसायला लागला. डोळे मिटले की काळं कापड, त्यावर ओले पाय, गळ्याची ती उडती पिशवी, तीन ठिपके. आईचा चेहरा आठवायला बाईंना हल्ली फोटो काढावा लागतो, पण बेडूक चष्म्याशिवाय दिसतो. आणि अडचण नेमकी तीच होती. बाई त्या दिवशी जेवायला गेल्या होत्या. सगळ्यांच्या आधी उठल्या होत्या, कारण सकाळी घरातून उपाशी निघाल्या होत्या आणि उन्हाने डोकं चढलं होतं. बाराला, जेव्हा तो बेडूक उडाला, तेव्हा त्या लांबच्या एका खाणावळीत एकट्याच पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या होत्या आणि ताट यायची वाट बघत होत्या.

बेडूक पाहिला तो पंपघराच्या पहारेकऱ्याने. कार्यक्रमपत्रिकांनी जेवणाआधी हॉटेलातून फोनताईला बातमी सांगून टाकली, शुभ्र झोत, प्रचंड कडकडाट, आणि फोनताईने सवयीने वरच्या कोपऱ्यात वेळ लिहिली, अकरा पस्तीस. मग पत्रिकेवरची वेळ पाहिली. मग बारा वाजून गेल्यावर पंपघराचा नंबर फिरवला. दोन वाजता बाई ऑफिसात आल्या तेव्हा फोनताई जिन्याखालच्या दारात उभी होती, हेडफोनची वायर मागे लोंबतेय, हातात अकरा ओळींचा कागद. "तू तिथं होतीस ना?" ती म्हणाली. "मी वर दिला तर फाडून टाकतील. तुझ्या नावावर दे. चार दिवसांनी सांगू खरं." बाई कागद घेऊन जिना चढल्या. वृत्तसंपादकांनी वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "हे तू स्वतः पाहिलंस?" आयुष्यात माणूस किती बोलतो! भाषणं, अग्रलेख, भांडणं. त्या सगळ्यातून बाईंना फिरून फिरून ऐकू येतो तो एकच शब्द. "हो."

दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत शुभ्र झोत होता आणि एकात बेडूक. शहर आठवडाभर हसत होतं. टाकीचा इंजिनिअर बदलला, कार्यक्रमपत्रिका रजेवर गेले, आणि बाईंना महिलांच्या पानावरून उचलून बातम्यांत घातलं. चार दिवस झाले. फोनताईने काही म्हटलं नाही, बाईंनीही म्हटलं नाही. मग चार महिने झाले, मग काय सांगायचं आणि कुणाला, असं झालं. खोटं पहिल्या दिवशी टोचतं, महिन्याने घट्टा पडतो, आणि तीस वर्षांनी त्या घट्ट्यावर लोक विद्यालय बांधतात. तशा बाई कामाच्या ठरल्या, हे कुणी नाकारणार नाही. दंगलीत गेल्या, तुरुंगात जाऊन बायकांच्या बराकीवर लिहिलं, कारखान्यातल्या मुलींबरोबर तीन आठवडे काडेपेट्या भरल्या. प्रत्येक गोष्ट स्वतः पाहिली, दोनदा विचारली, तिसऱ्यांदा फोन केला. लोक म्हणायचे, काय ही निष्ठा! बाईंना ठाऊक होतं की ही निष्ठाबिष्ठा काही नव्हे. एकदा न पाहता 'हो' म्हटलेल्या माणसाची ती धडपड होती. फोनताईच्या निरोपसमारंभात बाईंनीच भाषण केलं. तिच्या 'मधुर आवाजा'बद्दल बोलल्या. नंतर कपबशा आवरताना फोनताई जवळ आली आणि अगदी सहज म्हणाली, "बेडूक छान वाढवलास गं." एवढंच. वर हसलीसुद्धा. बाईंच्या हातातली बशी फुटली नाही, हेच नवल.

पण त्यापुढचं जे होतं ते बशीवर निभावण्यासारखं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी फोनताई गेली. बाई तेव्हा सल्लागार म्हणून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात बसायच्या आणि निधनवार्तांचं पान त्यांच्या नजरेखालून जायचं. फोनताईला मूलबाळ नव्हतं. भाचीने एक पानभर मजकूर लिहून दिला होता. त्यात मध्येच एक वाक्य होतं, 'मावशी अनेक वर्षे स्वतः बातम्या लिहीत असत. पाण्याच्या टाकीची प्रसिद्ध बातमी मूळ त्यांनीच मिळवली होती.' बाईंनी ते वाक्य वाचलं. खोलीत पंखा फिरत होता. मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली, वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'खात्री नाही. वगळावे.' दोन ओळी छापून आल्या, 'दूरध्वनी विभागातील निवृत्त कर्मचारी'. भाचीने फोन केला, तर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पुराव्याशिवाय छापत नाहीत." खात्री करून घ्यायची तर कुठे लांब जायचं नव्हतं, पण हे त्यांनी भाचीला सांगितलं नाही. स्वतःच केलेला नियम स्वतःच्याच गुन्ह्यावर पांघरूण म्हणून घालायची वेळ आली, आणि पांघरूण अगदी अंगाबरोबर बसलं. बाईंना त्या दिवशीची आपली लाज अजून जशीच्या तशी वाटते. बेडकाचे ठिपके खोटे होते. लाज खरी होती.

तीनच्या सुमाराला धांदरट आला. जिने चढून धापा टाकत होता, दोन्ही बूट एकाच रंगाचे होते, आणि बाईंना दारात धडधाकट पाहून त्याचे डोळे भरून आले. पाठोपाठ चेहऱ्यावर किंचितशी निराशाही उमटून गेली, कारण पान लागलेलं होतं. भावजयीने त्याला बसू दिलं नाही. आधी कपाट हलवून घेतलं, मग चहा दिला. बाईंनी पान टेबलावर पसरलं. तीन कॉलम, वाकडी मान, ठळक मथळा. आपल्या मागे लोक काय बोलतील, हे ऐकायची हौस कुणाला नसते? बाईंनाही होती. पहिला कॉलम वाचता वाचता त्यांचा ऊर भरून आला. दुसऱ्या कॉलमात बेडूक आला. ठिपके चार झाले होते.

"चौथा कुठून आला?" बाईंनी विचारलं.

"आमच्या बॅचला चारच सांगितले होते, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लाल पेन्सिल घेऊन त्यांनी पहिल्या वाक्यातला 'पहिल्या' खोडला. नंतर बेडकाचा सबंध परिच्छेद खोडला. आणि समासात, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खोटे. मी जेवायला गेले होते.'

संपादकाने ते दोनदा वाचलं. बाईंनी मग त्याला सगळं सांगितलं. जिन्याखालची खोली, अकरा पस्तीस, अकरा ओळी, 'हो', आणि 'खात्री नाही, वगळावे'. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकोणसाठ वर्षं जे पोटात वागवलं ते दहा मिनिटांत टेबलावर आलं, आणि बाईंना उगाचच वाटलं की आणखी काही असायला हवं होतं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे तुम्ही तो बेडूक पाहिलाच नाही?" ती म्हणाली. "आणि माझ्या लग्नात माझ्या वडिलांना तासभर सांगितलात तो!"

धांदरट पंचेचाळीस वर्षांचा होता आणि संपादक होता. तो आता हिशेबी आवाजात बोलायला लागला. विद्यालय आहे, पाटी आहे, सातवीचं पुस्तक आहे. एवढ्याशा गोष्टीने एवढं मोठं काम पुसलं जायला नको. मग त्याला एकदम सुचलं. "बाई, आपण असं करू. हे मी लिहून ठेवतो, अगदी तुमच्या शब्दांत. लेखातच घालू, शेवटच्या परिच्छेदात. म्हणजे योग्य वेळी येईल."

योग्य वेळी. बाईंना ते शब्द उशीसारखे मऊ लागले. खरं सांगितल्याचं पुण्य पदरात, आणि ते ऐकून लोकांचे चेहरे कसे होतात ते बघायला आपण नाही. सुंठीवाचून खोकला जाणार. शोकसभेत कुजबूज होईल, कुणी म्हणेल, केवढं मोठं मन! मेलेल्या माणसाच्या खोटेपणालासुद्धा लोक मोठं मन म्हणतात. एक्क्याऐंशी वर्षं झाली, थांबून थांबून किती थांबायचं? बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीत एक बाई चादर झटकत होती. त्यांनी ती चादर चारही कोपरे जुळेपर्यंत पाहिली, आणि त्यांच्या लक्षात आलं की फोनताईनेही हेच म्हटलं होतं, चार दिवसांनी; आणि त्या चार दिवसांचं काय झालं ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"उद्या छाप," त्या म्हणाल्या.

"उद्या? पण उद्या तुम्ही हयात असणार, बाई!"

"म्हणूनच. लोक म्हणतील, म्हातारी शेवटी भ्रमली होती, संपादकाने काहीतरी घुसडलं. तू शिकलास ना, ज्याची बातमी त्याला आधी फोन? मी गेल्यावर कुणाला फोन करणार आहेत ते?"

"लोक शिव्या घालतील तुम्हाला."

"घालू देत. फोन चालू आहे." मग भावजयीकडे वळून, "रिसीव्हर काढून ठेवायचा नाही."

"पॉलिसीवाल्या आल्या तर?"

"त्यांनाही सांगेन."

संपादकाने टकलावरून हात फिरवला. "आणि सातव्या पानाचं काय करू? तीन कॉलम लागलेत, माणूस जिवंत निघालं."

"तिथे फोनताई घे."

"त्या जाऊन चौदा वर्षं झाली, बाई."

"मग निधनाची खात्री तरी पक्की आहे."

"बातमी शिळी आहे."

"शिळी आहे, खोटी नाही. तुमच्या अंकात आज याच्या उलट प्रकारच्या सहा आहेत, मी खुणा केल्यात." बाईंनी सकाळचं वर्तमानपत्र त्याच्याकडे सरकवलं. तो हसला, मग हसायचा थांबला, खिशातून वही काढली आणि म्हणाला की एवढं करायचं तर भाचीशी बोलावं लागेल, फोटो लागेल, जन्मसाल लागेल, तो करेल फोन. बाई म्हणाल्या, नाही. हा फोन त्याने करायचा नव्हता. नंबर शोधावा लागला नाही. चौदा वर्षांत त्यांनी तो कितीतरी वेळा फिरवला होता, शेवटचा आकडा सोडून. आज शेवटचाही दाबला आणि मग मात्र त्यांना भीती वाटली, शाळकरी मुलीला वाटते तशी. पलीकडे घंटी वाजत राहिली. तिने उचलूच नये, असंही एकदा वाटून गेलं.

"हॅलो?" मध्यम वयाचा, कामात असलेला आवाज.

बाईंनी आपण कोण ते सांगितलं. मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"तुमच्या मावशींच्या मजकुरात एक वाक्य होतं," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीचं. त्याची खात्री झाली. उद्या छापतोय."

"चौदा वर्षं लागली?" भाची म्हणाली. तिने आवाज चढवला नाही.

"हो. विचारण्यासारखं एकच माणूस होतं, आणि ते फोन उचलत नव्हतं."

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. धांदरट वहीकडे बघत होता, भावजय त्यांच्याकडे. बाईंना सांगायचं होतं की मला माफ करा, आणि त्यांनी ते सांगितलं, साध्या शब्दांत, कुठलंही विशेषण न लावता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग भाची म्हणाली, "फोटो लागेल ना तुम्हाला? मावशीचा चांगला असा फोटोच नाही. एक आहे, तो ऑफिसातला. डोक्यावर तो हेडफोन आहे, केस विस्कटलेत, आणि ती काहीतरी लिहितेय. खाली मान घालून. चेहरासुद्धा नीट दिसत नाही. तो चालेल?"

"तोच हवा," बाई म्हणाल्या.